पाचवी शाखा

मामाच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून साडेसहा सेंटिमीटरची झाली, तेव्हा तो म्हणाला, "चला, आपल्या घराण्यात काहीतरी मोठं झालं!"

माझं काम अशाच वाहिन्यांचं. रुग्णाच्या स्कॅनवरून पांढऱ्या प्लास्टिकची हुबेहूब प्रत छापायची आणि तिच्यावरून कापडी नळीवर खुणा करायच्या. ती नळी जांघेतून आत जाते आणि फुग्याला आतून अस्तर होते. जिथे शाखा फुटतात तिथे कापडाला भोकं हवीत: एक जठर-यकृतासाठी, एक आतड्यासाठी, दोन मूत्रपिंडांसाठी. भोक राहिलं की पुढचं सगळं उपाशी मरतं, काळं पडतं. जादा पडलं की फुग्यात रक्त गळत राहतं आणि एक दिवस तो फुटतो. थोडक्यात, मी शिंपी आहे. फक्त गिऱ्हाईक ट्रायलला येत नाही.

मामाच्या प्रतीला पाच शाखा निघाल्या.

स्कॅन पुन्हा मोजला. चार. प्रिंटरला शिव्या घातल्या, पुसला, पुन्हा छापलं. पाच. डाव्या मूत्रपिंडाच्या वर, पेनाएवढी जाड, आतून पोकळ. या खेपेला ती जास्तच लांब होती. मोजलं, तर बरगड्यांच्या चांगली वीतभर बाहेर जात होती. म्हणजे मामाच्याच बाहेर.

सर्जन मॅडमनी प्रत उलटसुलट करून पाहिली. "स्कॅनमध्ये नाही ते माणसात नाही. प्रिंटर दाखवून घे कुणालातरी."

"आणि असलं तर?"

"मापं तुझी, मामाही तुझा. उद्या सकाळी नळी हवी. भोकं किती, ते नीट बघून सांग."

दुपारी वॉर्डात गेलो. मामा पलंगाच्या अगदी उजव्या कडेला, कठड्याला चिकटून पडला होता.

"मामा, पडशील. मध्ये सरक की."

"राहू दे रे. जागा लागते."

"कुणाला?"

"तुझ्या मामीला." तो हसला.

मामाचं लग्नच झालेलं नाही. मीही हसलो. पण त्याचा डावा हात रिकाम्या चादरीवर होता आणि चादर तिथे दबलेली होती.

मी परत आलो. बराच वेळ पेन हातात धरून बसलो.

चार खुणा केल्या.

ऑपरेशन उत्तम झालं. कुठेही गळती नाही, दोन्ही मूत्रपिंडं खूश. मॅडमनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी मामा पलंगाच्या बरोबर मध्ये झोपला होता, हातपाय पसरून.

"वा, आज ऐसपैस!"

त्याने डावीकडे पाहिलं. विनोद आला नाही.

"आता लागत नाही," तो म्हणाला.

कामावर आलो. दोन्ही प्रती फळीवर होत्या. आमच्याकडे काळं प्लास्टिक येत नाही. दोन्हींवरची पाचवी शाखा टोकाला काळी पडली होती. दुपारी पाहिलं तर अर्धी.

संध्याकाळी निघताना ती बुंध्यापर्यंत काळी झाली होती. जिथे मी खूण केली नव्हती, बरोबर तिथपर्यंत.