तिरका दिवा

पहिल्याच भेटीत त्याने तिच्या आत्याची सावली पुसून टाकली.

त्याचा तरी काय दोष म्हणा! प्रदर्शनासाठी दिवे बसवायला आलेला माणूस, बंद दार दिसलं की उघडणारच. पण आत ती होती, काळोखात, आणि समोर अंधारात चमकणारा रंग दिलेली तिची भिंत. त्या भिंतीपुढे कुणी उभं राहिलं आणि एकदा फ्लॅश पडला, की माणूस बाजूला झाला तरी त्याची काळी सावली तिथेच राहायची, हळूहळू विरत जायची. बाहेरचा उजेड आला की मात्र संपलंच सगळं.

"अहो, लावा ते दार!"

त्याने घाईघाईने लावलं. स्वतः आत राहून.

"आता... मी आतच राहिलो," अंधारातून आवाज आला. आत्या खुदकन हसली. तीही हसली, पण त्याला ऐकू जाणार नाही इतपत.

पुन्हा उभं राहायला आत्याने साफ नकार दिला, कंबरेचे हाल झाले म्हणाली. मग दंड म्हणून तोच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी न सांगता आला, येताना दाराला लावायला जाड काळा पडदा घेऊन. उजेड आत यायला नको म्हणून.

गोष्ट आत्याचीच होती, त्यांच्या भागात घरोघरी सांगतात ती. परमुलखाला निघालेला नवरा आपली सावली घरात ठेवून जातो. दिवा लागत नाही तोवर ती राहणार. बायको जन्मभर दिवाच लावत नाही. हे सांगताना आत्या डोळे पुसायची, आणि भाचीचं डोकं फिरायचं.

"मी असते ना, तर त्याच संध्याकाळी दिवा लावला असता," ती त्याला म्हणाली.

"खरंच लावशील?"

"लख्ख!"

तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. आपलं लग्न ठरल्याचं मात्र त्याने तिने न विचारताच सांगून टाकलं होतं. वडिलांनी शब्द दिला होता, मुलगी वाट पाहत होती, आणि मुलगी चांगली होती. हीच तर पंचाईत. वाईट असती तर तिच्यावर रागावता तरी आलं असतं. तेव्हापासून ती त्याला 'नवरदेव' म्हणायला लागली. चेष्टेच्या आड बरंच काही लपवता येतं.

"नवरदेव, हनुवटी वर."

"वर केली तर तू दिसत नाहीस."

फ्लॅश उगाचच उशिरा पडला.

कामात तो भलता काटेकोर. दिवा सूतभर तिरका वाटला तरी पुन्हा शिडी लावून चढायचा. ती चिडवायची, की तुझ्या बायकोचं काही खरं नाही बाबा. तो हसायचा आणि पुन्हा दिव्याकडे वळायचा.

उद्घाटन आणि त्याची गावाकडची बस, दोन्ही एकाच संध्याकाळी. बाहेर लोक जमायला लागले होते. तो म्हणाला, एकदा दोघांची सावली घेऊन बघू. जमिनीवर त्याने खडूने दोन खुणा केल्या, तिची भिंतीजवळ, स्वतःची पार मागे, दाराशी. मधून कपाट नेता आलं असतं. जाता जातासुद्धा अंतर राखतोय मेला, असं तिच्या मनात आलं आणि ती आपल्या खुणेवर जाऊन उभी राहिली.

"डोळे मीट," तो म्हणाला. फ्लॅश पडला. मग मागून अगदी हळू, "...दिवा लावशील ना?"

"लावीन."

पडदा हलला. दार वाजलं.

तिने डोळे उघडले. हिरवट उजेडात भिंतीवर दोन सावल्या होत्या आणि त्यांच्यात बोटभरही जागा नव्हती. तिचं डोकं त्याच्या छातीवर होतं. तिने वळून वर पाहिलं. फ्लॅशचा दिवा नेहमीच्या जागी नव्हता. एका बाजूला सरकवून चांगला तिरका केलेला होता, आणि ह्या माणसाच्या हातून असं चुकून होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

धावत गेली असती तर तो गाठता आला असता. ती एक पाऊल निघालीही. मग ती वाट पाहणारी मुलगी आठवली, आणि पाय तिथेच थांबले.

दाराबाहेरून आत्याची हाक आली, "अगं, लोक खोळंबलेत."

तिने खोलीतल्या दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं. दाबवेना. जिचा आजवर राग राग केला, ती गोष्टीतली बाई तिला त्या क्षणी सख्ख्या बहिणीसारखी वाटली. पण शब्द दिला होता. तिने दिवा लावला, आणि कोऱ्या भिंतीसमोर उभी राहून पोटभर रडली.

मग तोंड धुऊन दार उघडलं. पहिलं जोडपं भांडतच आत आलं. त्याच खुणांवर ते उभे राहिले, फ्लॅश पडला, आणि भिंतीकडे बघून दोघंही गप्प झाले. निघताना बायकोने विचारलं, आम्ही तर इतके लांब होतो, हे कसं झालं?

"दिवा जरा तिरका आहे," ती म्हणाली.

"मग सरळ नाही का करायचा?"

"सरळ करणारा आजच गेला."

आणि ती पुढच्या दोघांना खुणा दाखवायला वळली.