मरू द्यायची तूर

“हे तर मेले हायेत, मॅडम.”

कारंज्याच्या एसटी स्टँडवर शेजारी बसलेला माणूस माझ्या मांडीवरच्या वाळलेल्या तुरीच्या झाडांकडे पाहत होता. जणू मी त्यांना दवाखान्यात घेऊन चालले होते.

“मेले हायेत म्हणूनच नेऊन राह्यली,” मी म्हटलं.

त्याला हसू आवरेना. मलाही आवरत नव्हतं... पण मी ते दाखवलं नाही.

अमरसिंग त्याचं नाव, शेती धनजची. बस येईपर्यंत मी त्याला सगळं सांगून टाकलं. मी सपना, मंगरूळपीरची, तुरीची उभी झाडं वाळवणाऱ्या मर रोगावर पीएचडी केलेली. आपल्याच मातीतली एक बुरशी बियाण्याला चोळली तर तूर वाचते का, हे मला शेतात पाहायचं होतं, पण आमच्या शेतात मर नव्हती आणि दुसरं शेत काही मिळत नव्हतं. बस आली तोवर त्यानं अर्धा एकर देऊनही टाकला होता. इतक्या लवकर तर कोणी खिडकीची जागासुद्धा देत नाही.

घाई मला होती. तरुण संशोधकांसाठीच्या एका अनुदानाला वयाची अट होती आणि माझं ते शेवटचं वर्ष होतं. हुकलं, तर हैदराबादच्या बियाणे कंपनीत खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे अहवाल तपासायचे. बरं, अनुदान मागायला जावं तर म्हणणार, आधी प्रयोगाचे आकडे दाखवा. प्रयोग करावा तर अनुदान नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशी गत.

जूनमध्ये पेरणी केली. अर्ध्या तुकड्यात बुरशी चोळलेलं बी, अर्ध्यात साधं. साध्या भागातली झाडं मरतील. ती मरू द्यायची आणि मोजायची, हे मी अमरसिंगला दोनदा समजावलं. तो मान डोलवत होता, पण तुरीपेक्षा माझ्याकडेच जास्त पाहत होता. मी तरी कुठे रागावले? दर आठवड्याच्या मोजणीला कोणता ड्रेस घालायचा, याचा विचार मी आदल्या दिवसापासून करायची. जायचं चिखलात.

भाद्रपदातल्या एका सकाळी भुरभुर पावसात शेतावर पोचले, तर साध्या भागात प्रत्येक झाडाच्या बुडाशी हिरवट-निळं औषध ओतलेलं. अमरसिंग पाठीवर पंप घेऊन उभा, शाबासकीची वाट पाहत.

“वाचवली,” तो म्हणाला. “रोज दोन-दोन झाडं माना टाकून राह्यले होते. आपल्याच्यानं नाई पाहवलं.”

माझ्या तोंडून जे शब्द निघाले, ते न लिहिलेलेच बरे. तुलना करायला काही उरलंच नव्हतं, आणि अर्जाला वीस दिवस राहिले होते.

“तुमच्या दयेनं माह्यं वरीस मातीत गेलं,” एवढं म्हणून मी निघाले.

शेतकऱ्याला मरतं झाड पाहवत नाही, हे शेतकऱ्याच्याच पोरीला कळायला हवं होतं. बसमध्ये रडू आलं, ते अर्धं प्रयोगासाठी आणि अर्धं त्याच्या उतरलेल्या चेहऱ्यासाठी.

चार दिवसांनी तो मंगरूळपीरला आमच्या दारात उभा होता, हातात वही घेऊन. आमची पेरणी झाली त्याच आठवड्यात साधं बी पेरलेली धनजची अकरा शेतं त्यानं शोधली होती. किती झाडं उभी, किती वाळली, सगळं ओळीनिशी लिहिलं होतं.

“माफी मागाले नाई आलो,” तो वहीकडे पाहत म्हणाला. “तुमी सोता पडताळून घ्या. एकाही झाडाले हात नाई लावला.”

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं अकरा शेतं फिरलो. तो मुद्दाम आकडा चुकवायचा, म्हणजे ओळ पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागे. मला ते कळायचं... आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायची. त्याची आई हिरीबाई बांधावर भाकरी घेऊन यायची आणि पदराआड हसायची.

अर्जात मी घडलं तेच लिहिलं. मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी विचारलं, पुन्हा कोणी औषध ओतलं तर? मी सांगितलं, ज्यानं ओतलं त्यालाच राखणीला ठेवलंय. त्या हसल्या. एका तुकड्यापेक्षा ही अकरा शेतंच आम्हाला पटली, असंही म्हणाल्या.

डिसेंबरात निकाल आला. मंजूर. तीन वर्षं मागितली होती, दोनच मिळाली; पण माझ्या नावावर मिळाली, कुणा मोठ्या साहेबाच्या नावाखाली नाही. घरी सांगायच्या आधी मी धनजची बस पकडली.

अमरसिंग ऐकून खूश झाला आणि मग बोटांवर मोजायला लागला.

“दोन वर्सं,” तो म्हणाला. “मंग तुमी जाल.”

“नसतं भेटलं, तर आताच गेली असती.”

“मले मालूम होतं. म्हणून तं बोललो नाई. आधी बोललो असतो, तं तुमी माह्यासाठी थांबल्या असत्या... कामावाचून. ते मले नोको होतं.”

“आता भेटलं ना,” मी म्हटलं. “मंग बोला.”

त्यानं मान वर केली. “तुह्याबिगर करमत नाई, सपना.”

इतके दिवस मी मॅडम होते.

“मलेही नाई करमत,” मी म्हटलं. “पण लगन तूर निंगाल्यावर. शेवटची मोजणी बाकी हाय.”

“तूर कधी निंगते?” त्यानं विचारलं.

तीन पिढ्या तुरीत गेलेल्या घरातला शेतकरी, आणि हे मला विचारत होता.