मधल्या ओळीतली फट

“तुमचं कोपर आवरा हो जरा. माझ्या बरगडीत शिरतंय.”

पोर्तुगालमधल्या एव्होराच्या कॅथेड्रलमध्ये तालीम चालू होती आणि ओंदिना पुटपुटत होती. शेजारचा गास्पार, मेंढ्यांचा डॉक्टर, गायनवृंदात आजच आलेला. सुरांचा कागद एक, बघणारे दोघं.

“आवरलं,” तो कुजबुजला. “आता बरगडीला चुकल्याचुकल्यासारखं नाही ना वाटणार?”

ओंदिनाने हसू दाबलं... कान मात्र लाल व्हायचे ते झालेच.

गुड फ्रायडेला गायचं ते लॅटिन स्तोत्र चार आवाजांचं, फार जुनं. वाद्य नाही, ठेका नाही आणि रचणाऱ्याचा पत्ता नाही. गाणं बसवणारे अन्सेल्म मास्तर म्हणत, आपल्याच गावच्या गुरुजींचं. फादर म्हणत, सीमेपलीकडच्या स्पॅनिश माणसाचं. त्यातली मधली ओळ या दोघांकडे होती. लांबलचक, कुठे विसावा नाही. अशा ओळीचा नियम साधा : एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा.

“बाईने लिहिलं असेल हे,” गास्पार एकदा म्हणाला.

“छे! बाईने श्वासाला जागा ठेवली असती.”

“मग तुम्ही लिहा की एक. खाली नाव माझं घालू.”

“वा! कष्ट माझे, नाव तुमचं? असली लग्नं पुष्कळ पाहिलीत मी.”

लग्न हा शब्द निघाला मात्र — दोघंही कागदात डोकं घालून बसले.

त्यानंतरच त्या ओळीत फट पडू लागली. ऐन भरात दोघं एकदमच श्वास घ्यायचे आणि मधला आवाज गायब! पडलेल्या दातासारखी जागा. मास्तरांनी आधी सुरांचा कागद उतरवून घेणाऱ्याला दोष दिला, मग रचणाऱ्याला. वृंदातल्या वयस्कर दोना फिर्मिना म्हणाल्या, ईस्टरआधीच्या उपासाने दम पुरत नाही पोरांना. कुणी धुपाला नावं ठेवली, कुणी दगडी भिंतींच्या ओलीला. खरं कारण सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे छताकडे बघत होते.

शेवटच्या तालमीला पुन्हा तेच झालं. मास्तरांनी हात खाली टाकले.

“गास्पार, तू मागे, त्या टोकाला उभा राहा. नाहीतर हे स्तोत्रच गाळू या.”

गास्पार निघाला. ओंदिना कागद हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. तो दूरच्या खेड्यातला. आपलं चीजचं दुकान बंद करून ती इथे यायची, तेवढीच काय ती भेट. ईस्टर झाला की तीही संपणार.

“मला वाटतं,” दोना फिर्मिना घाईने म्हणाल्या, “रचणाऱ्यानेच तिथे काही—”

“रचणाऱ्याला बिचाऱ्याला कशाला मध्ये ओढता?” ओंदिनाचा आवाज कमानींपर्यंत गेला. “तो कोण होता ते आपल्याला माहीत नाही. माझं मला माहीत आहे. मास्तर, श्वास घेताना गास्पार किंचित मान वर करतो. मी ते बघत राहते आणि माझा सूर सुटतो. मला हा माणूस आवडतो.”

टोकाशी पोचलेला गास्पार वळला.

“मी मुद्दाम करतो मान वर,” तो म्हणाला. “तुम्ही बघावं म्हणून.”