नऊशे फुटांवर

सिम्युलेटर म्हणजे सहा लोखंडी पायांवर उभी असलेली एक खोली. आत विमानाचं कॉकपिट, समोर पडदा. वैमानिक इथे जमिनीवर बसूनच उडायला शिकतात आणि कित्येकांच्या पोटात ढवळतं. डोळ्यांना विमान गरकन वळताना दिसतं, अंग मात्र जागच्या जागी. दोघांचं जुळलं नाही की उलटी ठरलेली. ताई अकरा वर्षं या यंत्राची देखभाल करत होती. कोपऱ्यातली बादली धुवायची आणि वर "होतं असं, गोळी चघळा" म्हणून धीर द्यायचा, हेही तिच्याच गळ्यात पडलेलं.

पण आता उलट्या करत होती तिची सख्खी धाकटी बहीण. लागोपाठ तीन दिवस. आणि नोकरी टिकवायची चाचणी उद्यावर आलेली.

"डावीकडे कलतंय गं," धाकटी म्हणाली. चेहरा पांढराफटक पडला होता. "कलतं आणि तसंच राहतं."

ताईने पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्यावर, म्हणजे खोली सपाट. पाय तपासले, तारा तपासल्या. मग जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर तिने यंत्राचा मुख्य खटका पाडला, चावी खिशात टाकली आणि बहिणीला घेऊन आत बसली. पडदा काळा, दिवे विझलेले. हातातल्या विजेरीपुरता काय तो उजेड.

"आता काही होतंय?"

धाकटी हळूच म्हणाली, "अठराशे फूट."

"काय अठराशे?"

"आपण. खाली चाललोय."

ताई हसणार होती, तेवढ्यात तिच्या कानांत दडे बसले. पोट एका बाजूला सरकल्यासारखं झालं. तिने विजेरी पाणसळीवर धरली.

बुडबुडा मध्यावरच होता.

"बाराशे." बंद यंत्राच्या दांड्यावर धाकटीचे हात घट्ट आवळलेले. "एकदा उतरले की बरं वाटेल मला. रोज कुणीतरी मध्येच दार उघडतं."

ताईच्या तोंडात पाणी भरून आलं. "मी बाहेर जाते."

"नको, ताई. नऊशेवर आहोत अजून."

ताईने दार ढकललं.

बाहेर तेच दालन, तीच लोखंडी शिडी, तीच करडी फरशी. कशीबशी उतरून ती भिंतीला टेकून ओकली.

दहा मिनिटांनी धाकटी बाहेर आली. गालांवर रंग परतला होता. "उतरले," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती चाचणी पास झाली. पुन्हा तिला कधी मळमळलं नाही.

ताईचे दडे मात्र सुटले नाहीत. डॉक्टरांनी दोनदा तपासून कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. उभ्या उभ्या तिच्या पायाखालची जमीन किंचित खाली जायची, थांबायची, पुन्हा जायची. तिने रजा टाकली. त्या दुपारबद्दल दोघी बहिणी अवाक्षर काढत नव्हत्या.

तीन आठवड्यांनी एका सकाळी धाकटी भेटायला आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बसल्या. नवा गणवेश कसा टोचतो, आईची गुडघेदुखी कुठवर आली, असं बरंच काही निघालं. बोलता बोलता धाकटी थांबली आणि ताईकडे टक लावून बघत राहिली.

मग तिने टेबलावरची सुरी उचलून खणात ठेवली. काचेचे ग्लास ओट्यावर नेऊन ठेवले. ताईच्या डोळ्यांवरचा चष्मा हलक्या हाताने काढला, त्याची घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

"हे काय चाललंय तुझं?"

"काही नाही," धाकटी मऊ आवाजात म्हणाली आणि तिने ताईच्या मानेवर हात ठेवला. "पन्नास फूट उरलेत. पाय जमिनीला घट्ट टेकव, ताई. डोकं गुडघ्यांत घे."