उजवी बाजू त्याची

मी कॉलेजात शिकलेली बाई आहे. भुताचं नाव कुणी काढलं की सगळ्यांत आधी मीच हसायचे.

तरी हे घडलंय. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. पिट्सबर्ग, नोव्हेंबर १८९६. आणि रात्री नव्हे... भर दुपारी. भट्ट्यांच्या धुरामुळे त्या दिवशी दुपारीच दिवे लावावे लागले होते.

बाळंतपणातल्या तापाने माझं दूध आटलं. बाटलीचं दूध हेस्टरला पचेना. दोन महिन्यांची पोर, नुसती वाळत चालली. म्हणून नवऱ्याने तिला पाजायला खालच्या वस्तीतून झुझानाला आणलं. स्लोव्हाक होती, पोलाद कारखान्यातल्या मजुराची विधवा.

तिची एकच अट.

"डावीकडचं तुमच्या बाळाचं, बाईसाहेब. उजवीकडचं माझ्या ओंद्रेयचं."

तिचा तान्हा खाली शेजारणीकडे असायचा. रोज दुपारी ती टेकडी उतरून त्याला पाजून यायची.

हेस्टरने बाळसं धरलं. मला आनंद व्हायला हवा होता...

पण माझ्याकडे आली की ती रडायची. जिन्यावर झुझानाचं पाऊल वाजलं की खुदकन हसायची.

"बरं झालं, आई कोण ते पोरीने ठरवून टाकलं!" आमची स्वयंपाकीण नोरा म्हणायची.

मी हसल्यासारखं करायचे. आतून जळायचे. माझ्या लेकीच्या कानात ती काय गुणगुणते, ते दार किलकिलं करून ऐकत बसायचे.

मग झुझानाने खाली जाणं बंद केलं.

"आज ओंद्रेयकडे नाही गेलीस?"

"गरज नाही, बाईसाहेब."

मी नोराला विचारलं. तिच्या हातातला चमचा थांबला.

"तुम्हाला माहीत नाही? छाती भरून गेला तो. गेल्या आठवड्यात. पुरलासुद्धा."

मी तशीच वर धावले.

दिव्याच्या उजेडात झुझाना खुर्चीत बसली होती. डाव्या हातावर हेस्टर पीत होती. उजवा हातही तसाच दुमडलेला... रिकामा.

हेस्टरचा चुटूचुटू पिण्याचा आवाज येत होता. मग ती थांबली. झोपली.

आवाज थांबला नाही.

"झुझाना! आत्ताच्या आत्ता निघ इथून!"

"हळू, बाईसाहेब. झोपमोड होईल." तिने मान वर केली नाही. "काढलंत तर मी जाईन. पण तो माझ्याबरोबर येईल का, ते नाही सांगता यायचं. आमच्या खोलीत कधी शेगडी पेटली नाही हो. त्याच्या वाटणीचं तुमची लेक प्यायली, तेव्हा मी काही बोलले? आता तो जरा उबेला आला, तर तुम्हाला का खुपतं?"

मी तिला काढलं नाही. कशी काढणार? हेस्टर तिच्याच दुधावर जगत होती.

फक्त पाळणा माझ्या खोलीत आणला.

काल सकाळी झुझाना खाली स्वयंपाकघरात होती. नोराशी बोलताना तिचा आवाज मला ऐकू येत होता. खोलीत मी आणि हेस्टर, दोघीच. मी पाळण्यावर वाकले, आणि हेस्टर हसली... इतकी गोड, माझ्याकडे बघून पहिल्यांदाच. माझे डोळे भरून आले. तिला घ्यायला मी हात पुढे केले.

तिने मान वळवली. पाळण्याच्या दुसऱ्या, रिकाम्या टोकाकडे.

आणि तिकडे बघत खिदळत राहिली.

मी हाका मारत होते. आधी लाडाने, मग रडकुंडीला येऊन.

ती वळली नाही. आज दुपार झाली... अजूनही माझ्याकडे वळत नाही.