पिओनीची माती

घड्याळजींना झाडांचा शौक मुळीच नव्हता. शौक होता तो बायकोला. गॅलरीतल्या भल्यामोठ्या मातीच्या कुंडीत तिनं पिओनी, गुलाबासारख्या मोठ्या फुलांचं थंड मुलखातलं झाड, वाढवली होती, आणि कुणी कुंडीला नुसता हात लावला तरी ती खेकसायची, "हलवू नका हो! हे झाड एकदा बसलं की बसलं. हलवलं की रुसतं, मग नावाला फूल येत नाही."

बायको जाऊन वर्ष होत आलं. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून घड्याळजी आता कायमचे लेकीकडे राहायला निघाले होते. एकट्यानं जेवायचा त्यांना अगदी वीट आला होता. पिओनी मात्र सोबत न्यायचीच, कारण बायकोच्या हातचं तेवढंच उरलं होतं. पण ती अवजड कुंडी जिन्यावरून उतरवणार कोण? म्हणून पानं वाळल्यावर त्यांनी कंद काढून प्लास्टिकच्या हलक्या टबात लावला. या कंदाला बटाट्यासारखे डोळे असतात, लालसर. त्यांच्यावर बोटाच्या पेराएवढीच माती हवी, जास्त झाली की झाड फुलत नाही, हे बायकोनं शंभरदा ऐकवलं होतं. तरी गाडीत धक्के बसतील म्हणून घड्याळजींनी टब काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती खाली गेलेली. पाण्यानं बसली असेल म्हणून त्यांनी आणखी घातली. पुन्हा तेच. डोळ्यांवर बरोबर एक पेर माती, आणि टबाच्या कडेनं अंगठ्याचे ठसे, एकाला एक लागून. नवं रोप लावलं की बायको अशीच कडेनं अंगठ्यानं माती दाबून घ्यायची, म्हणजे ते हलत नाही.

घड्याळजी घाबरले नाहीत, चिडले. घराची दुसरी किल्ली होती मेहुणीकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीकडे. ती पलीकडच्या गल्लीत राहायची, रोज जेवणाचा डबा आणून द्यायची आणि जाताना रोज म्हणायची, "भावोजी, नका ना जाऊ."

त्या दिवशी ती डबा घेऊन आली, तशी घड्याळजींनी तिला दारातच गाठली.

"टबात हात कशाला घालतेस गं?"

"मी? अहो, मला मातीचा किती कंटाळा! ताई हसायची त्यावरून."

"मग काय, भूत येतं वाटतं?"

"थट्टा नको, भावोजी." ती टबाकडे बघत राहिली. "आणि काढलेली माती कुठाय?"

प्रश्न रास्त होता. फरशीवर कणसुद्धा नव्हता. पण संशय एकदा डोक्यात शिरला की कुठला निघतोय! सफाईनं काम करते पठ्ठी, असं घड्याळजींनी मनाशी म्हटलं.

त्यांनी टबावर आडवा दोरा ताणून चिकटवला, गॅलरीला कुलूप घातलं, किल्ली उशीखाली ठेवली. सकाळी कुलूप तसंच, दोरा तसाच. माती एक पेर. मग त्यांनी दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं आणि टबावर वाकले. प्रत्येक ठशात एक तिरकी रेघ होती. बायकोच्या अंगठ्यावर कात्रीचा जुना वण होता. अस्साच, तिरका.

पण आतलं चाक दिसल्याशिवाय काटा फिरतो हे घड्याळजींना जन्मात कधी पटलं नव्हतं. मेहुणी आली तशी ते म्हणाले, "अंगठा दाखव."

तिनं दाखवला. गुळगुळीत होता.

"काडीनं रेघ ओढत असशील. मेलेल्या बहिणीच्या नावानं असले खेळ करतेस? लाज नाही वाटत?"

मेहुणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं पिशवीतून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "झाड इथंच राहू द्या, भावोजी. एवढं तरी ऐका." डबा न उघडताच ती जिना उतरून गेली. घड्याळजींना वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्यांनी हाक मारली नाही.

सगळ्या किल्ल्या आता त्यांच्याकडे होत्या. संध्याकाळी त्यांनी टब पुन्हा काठोकाठ भरला, सामान बांधलं आणि लवकर झोपले.

जाग आली ती सामानाच्या गाडीच्या हॉर्ननं. चांगलं उजाडलं होतं. पलंगावरूनच त्यांनी काचेच्या दारातून गॅलरीत पाहिलं. टब काठोकाठ भरलेला. कुणी शिवलंही नव्हतं.

"बघा! किल्ली काढून घेतली, खेळ संपला!" घड्याळजी एकटेच मोठ्यानं हसले.

हसताना ओल्या मातीचा वास आला. अगदी जवळून.

त्यांनी पांघरूण उचललं.

पायांवर माती होती. सारखी पसरलेली, एक पेर. आणि अंगाच्या कडेनं, पावलांपासून कमरेपर्यंत, अंगठ्याचे ठसे, एकाला एक लागून.

खाली पुन्हा हॉर्न वाजला.

"आलो, आलो!" ते ओरडले आणि उठायला गेले. पाय हलले नाहीत.

कमरेपाशी शेवटचा ठसा होता, अजून ओला. त्याच्या शेजारची माती हळूच दबली, आणि तिच्यात एक तिरकी रेघ उमटली.