हिरव्या पेशी

डॉ. कुंदा भोयर यांनी नवी काचपट्टी सरकवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. उंदराच्या मूत्रपिंडाचा काप हिरवागार चमकत होता. तो चमकायला नको होता.

"सर, जरा बघता?"

डॉ. देवपुजारी उठून आले. नागपूरच्या या प्रयोगशाळेत अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच कापांना हा हिरवा रंग देणारं प्रतिपिंड तयार केलं होतं. मूत्रपिंड पोखरणारं ऑक्सिडेज विकर ज्या पेशींत वाढलेलं असेल, त्यांना ते चिकटायचं आणि त्या हिरव्या दिसायच्या. पुढे त्याच प्रतिपिंडाला विष जोडून 'वेधक' हे औषध निघालं. चिकटेल ती पेशी मारायची. एका इंजेक्शनात हिरवा रंग कायमचा गायब! दहा वर्षांत लाखो लोकांनी ते घेतलं होतं.

"चमकतोय. मग?"

"सर, या उंदरात त्या विकराचं जनुकच नाही. मीच काढून टाकलंय."

"काप बदलले गेले असतील."

"तीनदा करून पाहिलं. धडधाकट उंदीर चमकत नाहीत. मूत्रपिंडाला इजा केली तर तेही लगेच नाही, पाचव्या दिवशी चमकतात. जखम भरायला लागली की."

सरांनी चाचपडत स्टूल ओढलं. "म्हणजे प्रतिपिंड दुसऱ्याच प्रथिनाला चिकटतंय."

"हो. दुरुस्ती करणाऱ्या पेशींच्या."

"आणि वेधक दिल्यावर?"

"रंग गेला. जखम तशीच राहिली. त्या पेशी पुन्हा आल्याच नाहीत."

ज्यांना त्यांनी आजारी ठरवलं होतं, ते बरे होत होते.

"घेतलेल्यांना कळायला हवं होतं ना काहीतरी," सर पुटपुटले.

"पुढची इजा होईपर्यंत काही कळणार नाही. एखादा मोठा ताप, नाहीतर ऊन. दर उन्हाळ्यात थोडी इजा होते आणि आपोआप भरून येते. यांची भरून येत नाही, दर वर्षी साचत जाते." बाहेर पारा शेहेचाळीसवर होता.

सर आपल्या दंडावरून हात फिरवत होते. पहिलं इंजेक्शन त्यांनी स्वतः घेतलं होतं, हे कुंदाताईंना आत्ता आठवलं.

"सर, मूत्रपिंडाची तपासणी शेवटची कधी केलीत?"

"केलीच नाही," सर म्हणाले. "वेधक घेतल्यावर पुन्हा तपासायची गरज नाही, असं माहितीपत्रकात मीच लिहिलंय. कुणीच करत नाही."